तालवाद्यांचा बाळवर्ग: दहा महिन्यांनंतर लिहिते आहे

जूनच्या पहिल्या आठवड्यात लेकीचं नाव कोथरूडमधल्या एका तालवाद्यांच्या वर्गात घातलं, तेव्हा ती साडेसात महिन्यांची होती. आता एप्रिल संपत आलाय, ती दीड वर्षाची होईल. गणपतीतली सुट्टी आणि तिच्या आजारपणाचे तीन आठवडे सोडले तर आम्ही एकही शनिवार चुकवलेला नाही. सोसायटीतल्या तीन-चार जणींनी विचारलं, "नाव घालू का गं?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

वर्ग चाळीस मिनिटांचा, सकाळी साडेदहाला. आठ बाळं, प्रत्येकाबरोबर घरचं एक मोठं माणूस. महिन्याला २,४०० रुपये. जमिनीवर जाड सतरंजी, चपला बाहेर, मोबाइल पिशवीत. मधोमध शिकवणाऱ्या ताई बसतात आणि त्यांच्यासमोर एका टोपलीत डफ, दिमडी, खुळखुळे, कापडी पट्टीवर शिवलेले घुंगरू आणि आखूड, जाड टिपऱ्या. पावसाळ्यात चामडं उतरतं, आवाज भद्द येतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्या प्लॅस्टिकच्या पडद्याचा डफ आणायच्या.

पहिली दहा मिनिटं वाद्याला हातच लावायचा नाही. बाळाला मांडीवर घ्यायचं. ताई डफावर हलक्या हाताने दादरा हा सहा मात्रांचा ताल धरतात, तोंडाने "धा धी ना, धा ती ना" म्हणतात आणि प्रत्येक 'धा'ला आपण बाळाला अलगद उचलून झुलवायचं. सुरुवातीला मला वाटायचं, हे तर घरीही करतो, वाद्यं कधी देणार? नंतर ताईंनीच एका प्रयोगाबद्दल सांगितलं आणि मी तो शोधून वाचला. कॅनडात २००५ साली सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला. त्यात कुठल्याच मात्रेवर जोर नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. मग जोर दिलेले ठेके ऐकवले, तर ज्याला जसं झुलवलं होतं त्याने तसाच ठेका जास्त वेळ ऐकला. दुसरं कुणी झुलतंय हे नुसतं बघणाऱ्या बाळांमध्ये मात्र तो फरक दिसला नाही. हे वाचल्यापासून ती दहा मिनिटं मला वर्गातली सर्वांत मोलाची वाटतात.

मग टोपली पुढे येते. पहिले दोन महिने आमच्या लेकीने जे हाती लागेल ते तोंडात घातलं. ताई म्हणाल्या, "घालू दे, तिचं शिकणं तिथूनच सुरू होतं," आणि दर वर्गानंतर सगळी वाद्यं पुसायच्या. सप्टेंबरमध्ये एका शनिवारी, वाजवता वाजवता ताई नेहमीसारख्या एकदम थांबल्या. असं त्या मुद्दाम करतात. सगळी खोली चिडीचूप होते आणि बाळं मान वर करून बघतात. त्या दिवशी त्या शांततेत लेकीने डफावर एकदाच थाप मारली आणि ताईंकडे बघत राहिली. ताईंनीही एकच थाप दिली. पुन्हा हिची एक. पुन्हा त्यांची एक. असं पाच-सहा वेळा झालं. वस्तू आपटताना तिला मी रोज बघत होते, पण आपटून उत्तराची वाट बघताना पहिल्यांदाच पाहिलं. ते बघायला मी दहा महिन्यांची फी पुन्हा भरेन.

आता तक्रार. डिसेंबर-जानेवारीत ताई रजेवर होत्या. बदली आलेल्या शिक्षिकेने ब्लूटूथ स्पीकर आणला आणि त्यावर तयार ट्रॅक लावून "आता सगळ्यांनी वाजवा" असं सुरू केलं. आठची बॅच चौदाची झाली. सहा महिन्यांची आणि तीन वर्षांची मुलं एकत्र, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्याजवळ मोठ्या मुलाची टिपरी. फरशीची बंद खोली, त्यात तो गोंगाट. मोबाइलवरच्या अॅपने मोजलं तर आकडा नव्वदच्या पुढे जात होता. अॅप काटेकोर नसतं हे मान्य, पण जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोनसारख्या उपकरणांसाठी मुलांची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी धरली आहे. आवाज वाढला की ही वेळेची मर्यादा झपाट्याने कमी होते. त्याच हिशेबाने ९० डेसिबलला ती आठवड्याच्या सव्वा तासावर येते. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ एका वर्गातच संपत होता.

आवाजापेक्षाही मला दुसरीच गोष्ट लागली. लेक रडली नाही, पण माझ्या मांडीवरून उतरून खिडकीपाशी गेली आणि खालच्या रिक्षा बघत बसली. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. स्पीकर थांबत नव्हता आणि कुणाच्या थापेला उत्तरही देत नव्हता. जर्मनीतला २००९ सालचा एक अभ्यास आहे. त्यात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना समोर बसलेल्या माणसाबरोबर, मशीनबरोबर आणि नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर ढोल वाजवायला दिला होता. माणूस बरोबर असला की मुलं तालाला जास्त नीट धरत होती. आमची लेक त्यांच्याहून लहान, पण खिडकीपाशी मी तेच बघत होते.

आम्ही पाच-सहा पालकांनी मिळून चालकांना सांगितलं. ट्रॅक ठरलेल्या अभ्यासक्रमातले आहेत, असं उत्तर आलं. जानेवारीची फी परत मिळाली नाही, पण फेब्रुवारीत ताई आल्या, बॅच पुन्हा आठची झाली आणि स्पीकर गेला. लेक पहिल्याच दिवशी टोपलीपाशी जाऊन बसली.

वाद्यांबद्दल एक महत्त्वाचं. ऑक्टोबरमध्ये वर्गात एका खुळखुळ्याचा सांधा उकलला आणि आतले मणी सतरंजीवर सांडले. ताईंनी एकेक मणी मोजून उचलला आणि चिकटवलेले सगळे खुळखुळे त्याच दिवशी काढून टाकले. घरी आणताना हे बघाच. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण जत्रेतल्या किंवा रस्त्यावरच्या खुळखुळ्यावर ते सापडत नाही. साधारण ३२ मिलीमीटर व्यासाच्या आखूड नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. सुटा घुंगरू त्यात सहज मावतो, म्हणून तो पट्टीला घट्ट शिवलेलाच हवा.

बुद्धी वाढते, गणित सुधारतं असं बऱ्याच वर्गांच्या जाहिरातींत असतं. त्यावर पैसे घालू नका. संगीताने बुद्धी वाढते ही समजूत ज्या १९९३ सालच्या प्रयोगावरून पसरली तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. आपलं बाळ तालात वाजवेल ही अपेक्षाही ठेवू नका. आमची लेक दीड वर्षाची होत आली तरी ठेका धरून वाजवत नाही. ती थांबते, बघते, उत्तर देते. डफ लागला की गुडघे वाकवून डुलते, आणि वर्गातल्या दुसऱ्या बाळाला आपला खुळखुळा देऊ करते.

घरातला बदल मात्र मी धरलाच नव्हता. सासरे भजनी मंडळात पखवाज वाजवतात. "घरात टाळ आहे, दिमडी आहे, आणि पैसे कसले भरताय?" असं ते जूनमध्ये म्हणाले होते. ऑक्टोबरमध्ये मला ताप होता म्हणून तेच तिला घेऊन वर्गाला गेले. परत आले ते गप्प होते. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर दिमडी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले, दोन थापा दिल्या आणि थांबले. तिने पाटावर हात आपटला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघांचं दहा मिनिटं हेच चालतं. टाळ ते तिच्या कानाजवळ वाजवत नाहीत, पितळेचा आवाज टोचतो म्हणून. ज्यांच्या घरी असं रोज समोर बसणारं कुणी आहे, त्यांनी तीन महिने वर्गाला जाऊन पद्धत समजून घेतली आणि मग सोडलं तरी चालेल. ज्या घरात दिवसभर दोघंही कामाला असतात, तिथे शनिवारचा ठरलेला वेळ मिळतो हेच पुष्कळ आहे.

आणि गणपतीत बाळाला ढोल-ताशा पथकाच्या पुढ्यात नेऊ नका. "तालाच्या वर्गाला जाते ना, तिला सवय असेल," असं मला दोघांनी सांगितलं. कानाला अशी सवय होत नाही. आम्ही पथकाचा सराव लांबून, घराच्या गच्चीतून ऐकला. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग जलद कडकडाट, सुरू झाली की ती माझ्या खांद्यावर बोटं आपटायची.

मे महिन्यापासून दीड ते तीन वर्षांच्या गटात जायचं आहे. वेळ सकाळी साडेनऊची, फी तेवढीच. पैसे भरण्याआधी ताईंना फोन करून विचारलं की समोर बसून वाजवणार कोण. "मीच," त्या म्हणाल्या. लगेच तीन महिन्यांचे भरले.