गहू आधीच सोडलाय: टीटीजी करावी की जीन चाचणी?

पोट फुगतं, जुलाब होतात, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. सीलिॲक (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असेल म्हणून काहीजण तपासणीआधीच गहू बंद करतात आणि मग चाचणीपाशी अडतात.

टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी आजार आत्ता चालू आहे का, ते सांगते. पण ती मोजते अँटिबॉडी, आणि ग्लूटेन बंद केलं की त्या उतरत जातात. रिपोर्ट निगेटिव्ह, आजार जागच्या जागी. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा काही आठवडे रोज ग्लूटेन खावं लागतं (ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम असतं). सोबत एकूण आयजीए (ही चाचणी ज्या प्रकारच्या अँटिबॉडी मोजते, तो प्रकार) मोजायला सांगाच. ते मुळात फारच कमी असेल तर टीटीजी-आयजीए खोटी निगेटिव्ह येते. तिथे आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी मोजणारी चाचणी लागते.

एचएलए जीन चाचणीला पथ्याचं बंधन नाही, आयुष्यात एकदाच पुरते. मात्र डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही सीलिॲकशी जोडलेली जीन्स जवळपास ३० ते ४० टक्के लोकांत सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना सीलिॲक कधीच होत नाही. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून निदान करणं चूकच. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ बाद; तिचा खरा उपयोग एवढाच.

गहू चालू असेल तर सरळ टीटीजी. पॉझिटिव्ह आली तर मोठ्यांमध्ये सहसा एंडोस्कोपीने लहान आतड्याचे तुकडे तपासतात. तोवर गहू सोडायचा नाही. गहू सुटून महिने झालेत आणि पुन्हा खायची धास्ती वाटते, त्यांनी आधी जीन चाचणी करावी.