इंडिया कोड आणि ई-एससीआर: अभिव्यक्तीचा कायदा तपासताना दोन्ही उघडा

एखादी पोस्ट किंवा भाषण गुन्ह्यात मोडते का हे पाहायला केंद्र सरकारचे 'इंडिया कोड' हे कायद्यांचे संकेतस्थळ मोफत आहे आणि सुरुवातीला तेच उघडावे. कायद्याचे नाव किंवा वर्ष टाकले की कलमांची यादी येते. कलम उघडले की मजकूर आणि खाली दुरुस्त्यांच्या तळटिपा. त्या न वाचता पुढे गेलात तर घोटाळा होतो.

संविधान विधायी विभागाच्या संकेतस्थळावर मराठीतही आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तीवरील निर्बंधांची आठच कारणे आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, अपराधास चिथावणी ही तीन आणि 'वाजवी' हा मोलाचा शब्द १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आला. सार्वभौमता व एकात्मता १९६३ मध्ये. 'भावना दुखावल्या' हे कारण या यादीत नाही! भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावनांविषयी आहे खरे, पण त्याला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेले कृत्य लागते. त्याच शब्दांच्या, जुन्या दंड संहितेतील कलम २९५अ ला सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये वैध ठरवले, तेही सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर.

हा १९५७ चा निकाल इंडिया कोडवर कलमाखाली सापडत नाही, आणि इथेच ते अपुरे पडते. ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ, २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द झाले. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले गेले की कायद्याच्या पुस्तकांत मजकूर तसाच आहे, रद्द झाल्याची नोंद फक्त तळटिपेत. आणि पोलीस ते कलम लावतच होते. म्हणून कलम वाचले की ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या संकेतस्थळावर पक्षकारांच्या नावाने निकाल शोधा. हेही मोफत आहे. काही निकाल मराठीतही आहेत, पण अर्ज-तक्रारीत उतारा इंग्रजी मूळ निकालातूनच घ्या.

गुन्ह्याच्या कलमाबरोबर प्रक्रियेचेही वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २१७ नुसार न्याय संहितेच्या १५२ (सार्वभौमता धोक्यात आणणे), १९६ (गटांत वैर पसरवणे), २९९ या कलमांखाली सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. त्याच संहितेचे कलम १७३(३) तर फारच उपयोगी: तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. इम्रान प्रतापगढी खटल्यात (२०२५) न्यायालयाने अभिव्यक्तीच्या प्रकरणांत हा मार्ग वापरण्यावर भर दिला.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल, तर मात्र जुनी दंड संहिताच उघडा.