इंदूर ते काठमांडू: अंतर अचूक, घड्याळ पाव तास मागे

वार्षिक वर्गणी पुन्हा भरण्याची सूचना आली, म्हणून दोन शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या या ॲपबद्दल सविस्तर लिहीत आहे. इंदुरातील आमच्या रामबागेतल्या ज्येष्ठ मंडळींच्या पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रेची आखणी मी गेले कित्येक महिने यावरच केली.

अंतराबाबत तक्रार नाही. इंदूर ते काठमांडू सरळ अंतर सुमारे 1,110 किलोमीटर येते आणि अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तरी तेच येते. आम्हाला मात्र दिल्लीमार्गे जावे लागते. टप्पे जोडल्यावर इंदूर-दिल्ली सुमारे 660 आणि दिल्ली-काठमांडू सुमारे 815, असे एकूण 1,475 किलोमीटर होतात. टप्पे जोडण्याची ही सोय उत्तम आहे.

उड्डाणाच्या वेळेबद्दल माझे मत मधल्या काळात बदलले. ॲप दिल्ली-काठमांडूसाठी दीड तास दाखवते आणि वेळापत्रकात त्याहून अधिक वेळ असतो, याचा सुरुवातीला राग येत असे. परंतु ॲप ठरावीक वेगाने अंतर भागून त्यात चढण्या-उतरण्याची अर्ध्या तासाची भर घालते. प्रत्यक्षात काठमांडूला जाणारी विमाने मुख्यतः दक्षिण नेपाळमधील सिमराच्या बाजूने नेपाळच्या हद्दीत शिरतात, काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी आहे आणि गर्दी किंवा धुके असले की विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे कोणत्याही सूत्रात बसणारे नाही, म्हणून तो दोष मी आता धरत नाही.

जो दोष धरतो, तो 15 मिनिटांचा आहे. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशावर आधारलेली आहे, तर नेपाळने 1986 पासून गौरीशंकर शिखराजवळून जाणारा 86 अंश 15 मिनिटे पूर्व हा रेखांश प्रमाण मानला आहे. एका अंशाला घड्याळाची चार मिनिटे या हिशेबाने नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर पाव तास पुढे असते. हे ॲप मात्र काठमांडूतील आगमन भारतीय वेळेतच दाखवते. सकाळी सातला दिल्लीहून निघून ॲपच्या हिशेबाने दीड तासाने उतरलो, तर तेथील घड्याळात पावणेनऊ वाजलेले असतात. ॲप साडेआठ सांगते. पुढे पोखऱ्याचे साडेदहाचे विमान जोडले की ॲप दोन तासांची सवड दाखवते, प्रत्यक्षात पावणेदोनच तास मिळतात. त्यात इमिग्रेशनची रांग, सामानाची प्रतीक्षा आणि देशांतर्गत उड्डाणांच्या वेगळ्या इमारतीपर्यंत जाणे, हे सर्व गुडघेदुखी असलेल्या माणसांनी करायचे असते. अशा ठिकाणी पाव तास फार मोठा असतो आणि विमान चुकले तर तिकिटाचे पैसे बुडतात.

मी हे उदाहरणासह ग्राहकसेवेला लिहिले. ‘दाखवलेल्या वेळा अंदाजे असतात,’ एवढेच उत्तर आले. घिरट्यांना लागणारा वेळ अंदाजाने सांगावा लागतो हे मला मान्य आहे, परंतु दोन देशांच्या घड्याळांतील फरक कायद्याने ठरलेला आहे. तेथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर मिळाले.

अंतर विनामूल्य आवृत्तीतही दिसते. वर्गणी टप्पे जोडून वेळा काढण्यासाठीच भरायची असते आणि नेमके तेच काम चुकते आहे. काठमांडूची वेळ दुरुस्त होईपर्यंत मी वर्गणी भरणार नाही. टप्प्यांचा तक्ता वहीत स्वतः मांडीन आणि नेपाळमधील प्रत्येक वेळेपुढे तेथील घड्याळाचा उल्लेख करीन.