रंगाखालचा कापूस: जुन्या स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीत मी कसा फसलो

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे आणि घरामागच्या ज्या टिनाच्या शेडमध्ये दिवाळीनंतर कापसाची गंजी लागते, त्याच शेडच्या एका कोपऱ्यात माझी सॅन स्टॉर्म उभी असते. फायबरच्या बॉडीची आणि दोनच आसनांची ही गाडी 1998 साली भारतीय बाजारात आली होती. तिच्यात रेनॉचे 1149 सीसीचे पेट्रोल इंजिन आहे. ती बनणे केव्हाच बंद झाले, त्यामुळे सुटे भाग शोधणे हाच तिच्या मालकाचा खरा उद्योग होऊन बसतो. गावातली पोरे तिला ‘चपटी’ म्हणतात. हा शब्द आमच्याकडे आणखी कशासाठी वापरतात, हे वैदर्भीय वाचकाला सांगायला नको.

दोन वर्षे व्हायला आली, ऑगस्ट महिना होता. वणीत कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागायचा आणि रस्ता मोकळा होऊन गाडी पळू लागली की तो आपोआप खाली यायचा. निदान याच वाक्यात होते, पण ते मला तेव्हा वाचता आले नाही. जुन्या आणि दुर्मीळ गाड्यांचे काम करतो असे सांगणाऱ्या नागपुरातल्या एका गॅरेजवाल्याकडे, कोणी तरी नाव सुचवले म्हणून, मी गाडी टोचन करून नेली.

त्याने पाच मिनिटांत बॉनेट उघडले, इंजिनात ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढले आणि ते उलटे करून माझ्यासमोर धरले. आतून पिवळसर पांढरी, ताकावरच्या लोण्यासारखी साय जमली होती. “पाणी ऑइलमध्ये गेलं, हेड गॅस्केट संपलं,” एवढेच तो म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, खालचा म्हणजे ब्लॉक आणि दोघांमधली फट बंद ठेवणारी पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. ते जळाले की अशी साय दिसू शकते, हे खरेच आहे. परंतु पावसाळ्याच्या दमट हवेत गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालवली, इंजिन पुरेसे तापलेच नाही, तरी आतल्या वाफेचे पाणी होऊन झाकणाखाली नेमकी हीच साय धरते, हेही तितकेच खरे आहे आणि मी त्या महिन्यात बहुतेक दिवस घरापासून फाट्यापर्यंतच गाडी नेत होतो. खात्री करायची तर सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजता येते, किंवा रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची चाचणी करता येते. जळालेला वायू कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, येत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. त्याने यातले काहीही केले नाही आणि मीही मागितले नाही. मला तेव्हा अशी चाचणी असते हेच ठाऊक नव्हते.

गॅस्केट आणि व्हॉल्व्ह फ्रान्सहून मागवावे लागतील म्हणून साठ हजार आगाऊ गेले. ते गॅरेजच्या खात्यात नव्हे, तर त्याने सांगितलेल्या भलत्याच नावाच्या मोबाइल क्रमांकावर गेले. अडीच महिन्यांत उघडलेल्या हेडचे चार फोटो व्हॉट्सॲपवर आले आणि दर फोटोमागे खर्च वाढत एकूण आकडा एक लाख बेचाळीस हजारांवर गेला. कागद म्हणून मिळाले ते कच्चे बिल: ‘इंजिन काम कम्प्लीट’ आणि खाली रक्कम. जुने भाग कुठे आहेत, असे विचारले तेव्हा ते भंगारात गेले म्हणून सांगण्यात आले. इंजिन मात्र चांदीच्या रंगाने असे चमकत होते की पैसे दिल्याचे दुःख तासभर तरी वाटले नाही.

परतताना वाटेतल्या जाम गावाच्या चौकात वाहतूक तुंबली होती. वीस मिनिटांत काटा पुन्हा लाल पट्टीत गेला.

तिथून कशीबशी, थांबत थांबत गाडी घरी आणली आणि आमच्या गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीला बोलावले. त्याने आधी पंख्याला बॅटरीवरून थेट तार जोडून पाहिली, तर पंखा भर्रकन फिरला. रेडिएटरवरचा जो स्विच पाणी तापल्यावर पंखा चालू करतो, तोच निकामी झाला होता. गाडी पळताना समोरून वारा मिळायचा, म्हणून ती थंड राहायची. रेडिएटरच्या झाकणाचे रबरही चिरले होते, त्यामुळे आत दाब टिकत नव्हता आणि पाणी लवकर उकळत होते. दोन्ही वस्तू साडेआठशे रुपयांत आल्या.

मग त्याने टॉर्च तोंडात धरला आणि हेड ज्या फटीवर ब्लॉकला बसते, तिथे एका जागी खिळ्याने चांदीचा रंग खरवडला. रंगाच्या पापडीखाली जुने, ऑइलने काळे पडलेले मळाचे थर जसेच्या तसे होते. त्या मळात अर्ध्या बोटाएवढा कापसाचा एक तंतू चिकटलेला होता आणि तो नेमका फट ओलांडून गेला होता, अर्धा हेडवर, अर्धा ब्लॉकवर, कुठेही न तुटता. “हेड तं खोललंच नाही जी यानं,” मिस्त्री म्हणाला. शेडमधला कापूस इंजिनावर उडतो म्हणून मी वर्षानुवर्षे कुरकुर केली होती. त्या रात्री फोटो पुन्हा उघडून पाहिले. त्यांतल्या हेडला प्रत्येक सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह होते. माझ्या इंजिनाला दोनच आहेत, एकूण आठ.

हे लिहिण्याचे कारण असे की ग्रामीण भागातल्या दुर्मीळ गाडीच्या मालकाला आपण शहराच्या उपकाराखाली आहोत असे वाटते आणि प्रश्न विचारायची लाज वाटते. काम देण्याआधी जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, दोष, चाचणी आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. जुने भाग परत हवेत, हे त्याच कागदावर नोंदवा. फोटो मागाल तेव्हा इंजिन क्रमांक त्याच चौकटीत दिसेल असा मागा. पैसे बिलावरच्याच नावाने द्या. मी यातले एकही केले नाही, तरी बँकेतल्या नोंदी आणि चॅट शिल्लक राहिले, हे नशीब.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर आगाऊचे साठ हजार मुकाट परत आले, उरलेल्या रकमेबद्दल मात्र “काम केलेलं आहे” हेच उत्तर कायम आहे. म्हणून यवतमाळला तक्रार दाखल केली आहे.

नवा स्विच बसल्यापासून गाडी ट्रकांच्या रांगेतही तापत नाही. हेड मी अजून उघडू दिलेले नाही. खरवडलेल्या जागेवर मिस्त्रीने पारदर्शक टेप लावून ठेवली आहे आणि तो तंतू, आयोगाने तज्ज्ञ पाठवलाच तर त्याला दाखवण्यासाठी, टेपखाली तसाच आहे.