तोरिनोचं बिचेरिन: प्लीज, ढवळू नका!

इटलीतल्या तोरिनोला, म्हणजे ट्यूरिनला, शिकायला येऊन दीड वर्ष झालं आणि कोणीही पाहुणा आला की मी त्याला आधी कॉन्सोलाता चर्चसमोरच्या काफे अल बिचेरिनमध्ये नेतो. मागच्या महिन्यात आईबाबा आले होते तेव्हा तर दोनदा गेलो. जागा अगदी एवढीशी, लाकडी भिंती, गोल संगमरवरी टेबलं, टेबलावर मेणबत्ती, त्यामुळे शनिवार-रविवारी थांबायची तयारी ठेवा, जमलं तर मधल्या वारी सकाळी जा.

मागवायचं काय तर बिचेरिनच. इथल्या बोलीत बिचेरिन म्हणजे छोटा ग्लास. बुटक्या काचेच्या ग्लासात खाली घट्ट गरम चॉकलेट, त्यावर कडक कॉफी आणि वर बोटभर जाड गार क्रीम, आणि हे सगळं काचेतून दिसतं, खाली काळं, मग तपकिरी, मग एकदम पांढरं. चमचा देतात पण ढवळायचं नाही, हात जोडून सांगतो. ओठाला आधी गार क्रीम लागतं, त्याच्या खालून गरम कडू कॉफी येते आणि मागून चॉकलेट, प्रत्येक घोट वेगळा. ढवळलंत की त्याची साधी चॉकलेट कॉफी होते. दुसऱ्या एका कॅफेत मला आधीच ढवळून आणून दिलं होतं, इतकं वाईट वाटलं!

काफे सुरू झाला १७६३ मध्ये. तेव्हा चॉकलेट हे प्यायचंच होतं, खायची वडी इंग्लंडमध्ये १८४७ ला आली, म्हणजे त्याच्या आधी ८४ वर्षं इथे लोक चॉकलेट पीत बसलेत. मेक्सिकोकडेही मूळ प्रकार पेयाचाच, तिकडचे लोक कोको दळून, फेस आणून प्यायचे, साखर वगैरे नंतर स्पेनवाल्यांनी घातली. इथे पूर्वी कॉफी-चॉकलेट, कॉफी-दूध असे वेगवेगळे प्रकार मिळायचे आणि एक 'सगळ्यातलं थोडं थोडं' होता, तोच टिकला, त्यालाच आज आपण बिचेरिन म्हणतो.

आम्ही गेलो त्या दिवशी नेमकी एकादशी. आई म्हणाली, "अरे, मला चालेल का हे?" मग मी तिला सांगितलं की चर्चमध्येही हाच वाद झाला होता, चॉकलेटने उपास मोडतो का, आणि सतराव्या शतकात एका कार्डिनलने, म्हणजे चर्चच्या बड्या धर्मगुरूने, लिहून ठेवलं की पातळ पदार्थाने मोडत नाही. समोरच्या चर्चमधून प्रार्थना करून उपाशीपोटी आलेले लोक म्हणूनच इथे येऊन चॉकलेट प्यायचे म्हणे. आईने विचार केला, दूध, साखर, कॉफी, कोकोचं बी, धान्य कुठेच नाही, आणि प्यायली. बाबांनी सोबतची बिस्किटं संपवली.

तोरिनोत आलात तर जांदुया पण खा, म्हणजे हेझलनट घातलेलं चॉकलेट. नेपोलियनने १८०६ ला इंग्लंडची नाकेबंदी केली, कोको महाग झाला, तेव्हा जवळच्या लांगे टेकड्यांमधलं हेझलनट दळून त्यात घालायला लागले असं इथे सांगतात. उलट्या होडीसारख्या वड्या असतात, सोनेरी कागदातल्या, १८६५ च्या कार्निव्हलमध्ये पहिल्यांदा वाटल्या. जीभ लावली की विरघळतात, घरी नेणार असाल तर उन्हाळ्यात नेऊ नका. जेवणानंतर बोनेत मागवा, आपल्या कॅरॅमल कस्टर्डसारखं दिसतं पण आत कोको आणि कडवट बदामाची बिस्किटं कुस्करलेली, अंडं असतं आणि बहुतेक ठिकाणी रमही असते, तेव्हा आधी विचारून घ्या.

बिचेरिन संपत आलं की तळाशी चमचाभर घट्ट चॉकलेट उरतं, काचेला चिकटलेलं. ते सोडायचं नाही. आईने दुसऱ्या खेपेला चमच्याने सगळा ग्लास खरवडून काढला, घरी आटीव दुधाचं पातेलं खरवडते ना, अगदी तसा.