‘पहिला दात फुकट’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हा क्षार जास्त आहे, तिथल्या लोकांनी हे जरूर वाचावं आणि घरातल्या तरण्या पोरापोरींना वाचून दाखवावं. आठवडी बाजारात दात पांढरे करून देतो म्हणणाऱ्या माणसाने माझ्या भावाच्या मुलीला फसवलं. तिला विचारूनच लिहिते आहे.

आमच्याकडे पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली माणसं घरोघरी सापडतील. हा मळ नव्हे. लहानपणी हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असताना पाण्यातून जास्तीचं फ्लोराइड पोटात गेलं, की दाताचं कवच, म्हणजे एनॅमल, घडतानाच बिघडतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅम, एवढीच फ्लोराइडची मर्यादा आहे. डाग कवचाच्या आतच असल्यामुळे कितीही घासलं तरी ते जात नाहीत. पण पोरगी लग्नाची झाली की पाहुणे आधी दातांकडे बघतात. ‘दात घासत नाही का गं?’ हे तिने शाळेपासून ऐकलेलं. बाजारातल्या त्या माणसाला ही दुखरी जागा बरोबर ठाऊक असते.

त्याचं दुकान म्हणजे घडीचं टेबल, अंगात पांढरा कोट, प्लास्टरचा एक जबडा आणि ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो चिकटवलेला पुठ्ठा. ‘पहिला दात फुकट, ताई. पाहून घ्या, पटलं तर पैसे द्या,’ असं तो म्हणाला. काडीला कापूस गुंडाळून त्याने बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात बुडवला आणि समोरच्या एका दातावर घासला. बारीक फेस आला. फडक्याने पुसून त्याने आरसा पुढे केला. तो एक दात खडूसारखा पांढरा, आणि त्याला खेटून असलेला दुसरा होता तसाच पिवळा.

हा डाव नीट समजून घ्या. फुकट दात करून घेतला की तसं तोंड घेऊन बाजारातून घरी कसं जायचं? उरलेल्या दातांचा भाव तो त्यानंतर सांगतो, दाताला पन्नास रुपये. वर ‘महिन्यातून एकदा लावा’ म्हणून एक छोटी बाटलीही गळ्यात मारतो. पोरीने शिवणकामातून साठवलेले पैसे तिथे गेले.

संध्याकाळी माठातलं पाणी प्यायली आणि कळ थेट डोक्यात गेली. हिरडीची कड पांढरी पडून सोलली होती, खालच्या ओठाला आतून चटका बसला होता. पुढे कित्येक दिवस ती कोमट पाण्यावर आणि मऊ भातावर होती. पांढरेपणाही टिकला नाही. दात खरबरीत झाले आणि चहाचा रंग त्यांवर पूर्वीपेक्षा लवकर चढायला लागला.

त्या बाटलीत काय होतं, ते आम्हाला ओट्याशी कळलं. झाकण उघडताना दोन थेंब शहाबादी फरशीवर पडले आणि फरशी चरचरून फेसाळली. पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली, बोट फिरवलं तर खडबडीत लागतं. संडास साफ करायचं ॲसिड फरशीवर सांडलं की जसं होतं, अगदी तसंच. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, आत काय घातलंय त्याचा एक शब्द नाही.

आम्ही ती बाटली घेऊन नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी न रागावता समजावून सांगितलं. ॲसिडने डाग धुतला जात नाही, डागासकट कवचाचा थर विरघळतो. एनॅमल शरीरात पुन्हा तयार होत नाही, गेलं ते गेलंच. फ्लोराइडच्या डागांवर दवाखान्यातही कधी कधी सौम्य ॲसिडची पेस्ट वापरतात, पण ती मोजून, हिरड्या रबराच्या पडद्याने झाकून आणि अगदी थोडा वेळ. डाग खोल असतील तर घासत न बसता वरून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, म्हणजे दाताला चिकटणारं भरण, बसवतात. मुळात डाग कसला, हे आधी बघावं लागतं. चहा-तंबाखूचा थर आणि किटण दंतवैद्य मशिनने काढतो, ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दाताचा रंगच उजळणं, हा वेगळा प्रकार आहे, आणि कॅप किंवा सिमेंट भरलेला दात तर ब्लीचने पांढरा होतच नाही. सगळ्यांना एकच बाटली लावणारा माणूस यातलं काहीच बघत नाही.

पुढच्या बाजाराला भाऊ त्याला शोधत गेला, तर ती जागा रिकामी. शेजारचा भांडीवाला म्हणाला, ‘तो एका गावात लागोपाठ येत नाही.’ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची म्हटलं, तर ना पावती, ना नाव. पैसे रोख दिलेले. असल्या माणसाचं सगळं याच्याच जिवावर चालतं. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा, की त्याने श्रीमंताला लुबाडलेलं नाही. गावाला वेळेवर चांगलं पाणी मिळालं नाही म्हणून ज्यांचे दात बिघडले, त्यांच्याच लाजेवर तो पोट भरतो.

कायद्यानुसार दंतवैद्य म्हणून नोंदणी नसलेल्या माणसाला दातांवर उपचार करता येत नाहीत. पांढरा कोट कोणीही शिवून घेतो. टेबल बाजारात असो की गाळ्यात, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. दंतवैद्य तो लगेच सांगेल, हा माणूस विषय बदलेल. शक्य झाल्यास त्याचा आणि टेबलाचा फोटो काढा आणि तिथूनच ११२ ला फोन लावा, कारण दुसऱ्या दिवशी तो सापडत नाही.

कोणी आधीच लावून घेतलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने चूळ भरा. लिंबू, मीठ, कोळसा असलं काही दातांवर घासू नका, आणि थेट दंतवैद्याकडे जा. आमच्या पोरीला तिथे फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवर वरून लावायचा लेप, लावलं आणि ठणक्यासाठी पेस्ट दिली, त्यावर कळ बरीच कमी झाली. पुढच्या दातांवर कॉम्पोझिट बसवायचं काम आता सुरू आहे. घरी बाटली असेल तर फेकू नका. झाकण घट्ट लावून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्या. आमच्याकडे पुरावा म्हणून तेवढीच एक वस्तू होती.