मुळांची रेघ आणि पानांची झुळूक: एमिली उंग्वारे व ग्लोरिया पेट्यारे

ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्सच्या ईशान्येकडील यूटोपिया या ओसाड मुलखातील आदिवासी चित्रकार एमिली कामे उंग्वारे आणि त्यांची भाची ग्लोरिया पेट्यारे या दोघींनी आपापल्या वारशातील वनस्पती रंगवल्या, तरी त्यांच्या चित्रांसमोर उभे राहण्याचा अनुभव पूर्णपणे वेगळा आहे.

एमिली यांचा विषय जमिनीखालचा आहे. ज्या रानकंदाच्या बीजाला ‘कामे’ म्हणतात, तेच त्यांचे नाव. आणि हा कंद आपल्या मूग, उडीद, मटकीच्याच प्रजातीतला आहे. 1995 मधील त्यांच्या सुमारे आठ मीटर रुंद चित्रात काळ्या पृष्ठभागावर केवळ पांढऱ्या रेषा आहेत. एक रेघ धरून डोळा पुढे नेला, तर ती वळते, दुसरीत शिरते, पुन्हा निसटते. मुळांचे जाळे आणि कंद पोसल्यावर जमिनीला पडणाऱ्या भेगा तिथे एकरूप होतात. सत्तरी उलटल्यानंतर कॅनव्हासकडे वळलेल्या या बाईंचा हात कुठेही अडखळत नाही.

ग्लोरिया औषधी झुडपांच्या पानांकडे वळल्या. कुंचल्याचे आखूड, टोकदार फटकारे एकमेकांवर येतात आणि वाऱ्याने पाने एका दिशेला लोटावीत तसा सारा पट हलू लागतो. 1999 मध्ये त्यांना निसर्गचित्रासाठीचे विन पारितोषिक मिळाले.

ग्लोरिया यांची चित्रे पाहताक्षणी मोहवतात. मला मात्र एमिली अधिक थोर वाटतात, कारण दिसत नाही ते वाढणे त्यांनी दाखवले.